सूचना क्रमांक सत्तेचाळीस

१

“माहा प्रश्न कोणी काढला, बाबूजी?”

दार उघडल्याबरोबर हेच वाक्य. नमस्कार नाही, नाव नाही. नवतप्यातली, उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांतली दुपार होती, बूढापाऱ्याच्या गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं, आणि उंबऱ्यापाशी तिशीतली एक बाई हातात मोबाइल धरून उभी. कपाळ मोकळं. मी तसा चिडखोर म्हातारा आहे, दुपारी आलेल्या माणसाला पाणी विचारायचंही मला उशिरा सुचतं. पण हिला मी आत घेतलं आणि कूलरसमोर बसवलं. कूलर खडखडतो म्हणून त्याच्या पायाखाली मी एखादी भरलेली जुनी वही सारून ठेवतो. तरी तो खडखडतोच.

तिचं नाव गोदू. राहणार बीरगाव. नवरा लहानू उरला भागातल्या एका मिलमध्ये कामाला होता. अठरा दिवसांपूर्वी, एका रविवारी पहाटे तो तिथेच गेला.

“मिलवाले म्हणे, पिऊन होता, हार्ट बंद पडलं. तो तर सुपारीसुद्धा नव्हता खात, बाबूजी. मी त्याचे हात पाह्यले. दोन्ही तळवे काळे पडले होते. करंटचे. ते म्हणे, चार वाजता नेऊ, तुम्ही फक्त सही करा का पोस्टमार्टम नाही पाहिजे. शेजारच्या मीनलनं तुमच्या इथं प्रश्न टाकला, सही करू का नको म्हणून. चार वाजेपर्यंत मी फोनकडेच पाहून राहिली होती.”

“मग?”

“मग केली सही.”

तिने मोबाइल पुढे केला. आमचीच पावती होती: ‘सूचना क्र. ४७ प्राप्त. रविवार, सकाळी १०.५२.’ खाली सचिव म्हणून माझं नाव आणि पत्ता.

आता सांगायलाच हवं. विधिपारा ही आमची इंटरनेटवरची कायदेचर्चेची जागा. रायपूरच्या मराठी वकिलांनी आणि पेन्शनरांनी काढलेली. कोणीही प्रश्न टाकावा, जाणत्यांनी फुकट उत्तर द्यावं. राज्य झालं तेव्हा मी नव्या विधानसभेत प्रतिवेदक म्हणून आलो. सभागृहात जे बोललं जाईल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं, यावर माझं पोट चाललं. आमचे सभापती यशवंतराव त्याच सचिवालयातून निवृत्त झालेले. म्हणून विधिपाऱ्यावरही सगळं सभागृहासारखं: सूचना, अनुमोदन, गणपूर्ती, कार्यवृत्त. दर महिन्याला एका रविवारी मोबाइलवरच सभा भरते.

“उद्या अकरा वाजता त्याच्या मौतीची चौकशी हाय,” गोदू म्हणाली. “साहेब म्हणते, बाई, तेव्हाच काहून नाही बोलली? तेव्हाचं काही लिहेल हाय का? मी म्हटलं, हव, हाय. मीनलनं उघडून पाह्यलं तर प्रश्नच नाही.”

मी संगणक उघडला. कार्यवृत्त मीच टंकलेलं, त्यात सत्तेचाळीस नाही. आमच्याकडे काहीही पुसलं तर लाल अक्षरात नोंद होते, कोणी पुसलं, किती वाजता. ती यादी कोरी होती. कोणीही काहीही पुसलेलं नव्हतं, आणि प्रश्न तरी नव्हता.

मग मी प्रलंबित सूचनांची पेटी पाहिली. चौतिसावीपर्यंतच्या सूचना आधीच निकाली निघालेल्या, आणि पेटीत पहिलीच एकदम अठ्ठेचाळिसावी. पस्तीस ते सत्तेचाळीस, तेरा प्रश्न एकदम गायब होते.

२

पेटीला हात लावू शकतील अशी माणसं चार. सभापती यशवंतराव, उपसभापती नीलेश, संकेतस्थळ सांभाळणारी अनुश्री आणि सचिव म्हणून मी. मी लावला नव्हता, एवढं मला ठाऊक होतं. गोदूला मी घरीच बसवलं आणि रिक्षा करून शंकर नगरात अनुश्रीच्या ऑफिसात गेलो.

अनुश्री तरुण वकील, तापट. मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, मधेच मराठीवर येते. त्या रविवारचा ठराव तिचाच होता: ‘विधिपाऱ्यावर संसदीय कार्यपद्धती नसावी.’

“पस्तीस से छियालीस?” ती हसली. “वो बारह तो मेरे हैं, काका. नकली.”

“नकली म्हणजे?”

तिने स्वतःच्या संगणकात ठेवलेली यादी दाखवली. पस्तीस: ‘माणूस बुडतो आहे, दोरी टाकू का? कृपया अनुमोदन मिळाल्यावर कळवावे.’ छत्तीस: ‘घराला आग लागली आहे, माझी सूचना कोणत्या सत्रात येईल?’ असे बारा, प्रत्येक वेगळ्या नावाने.

“लोक कोर्टाला घाबरून आपल्याकडे येतात,” ती म्हणाली, “आणि आपण त्यांना दुसरं कोर्ट दाखवतो. एक लाइन का जवाब, उसके लिए प्रस्ताव, अनुमोदन, सभापती महोदय! मला तेच दाखवायचं होतं. ठरावावर मत घेतलं असतं तर हरलेच असते, म्हणून मी माझी माणसं घेऊन सभात्याग केला. गणपूर्ती तुटली, सभा संपली. त्यांच्याच नियमाने त्यांना मारलं.”

“आणि मग पेटी रिकामी केलीस?”

“मी काहून करू? मेरे ही तो सवाल थे. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर नव्हते. वाटलं, यशवंतकाकांनी राग काढला. जाऊ दे म्हटलं.”

“आणि सत्तेचाळीस?”

“मैंने बारह डाले थे, काका.” तिने बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. “पस्तीस ते शेहेचाळीस. सत्तेचाळीस माझा नाही.”

मी तिला गोदूचं सांगितलं. काळे तळवे, चार वाजता, सही. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं. लांडगा आला रे आला असं बारा वेळा ओरडून झाल्यावर तेराव्या वेळी खरोखरचा आला होता, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाला तोही अनुश्रीचाच वाटला असणार.

“काका,” ती हळूच म्हणाली, “वो लिस्ट सबसे पहले किसने पढ़ी?”

३

यशवंतराव संध्याकाळी बूढा तालाबाच्या काठी, ठरलेल्या बाकावर बसतात. ऐंशीला टेकले तरी सदऱ्याला इस्त्री. मी शेजारी बसलो आणि सरळ विचारलं.

“कार्यवृत्तात आहे का सत्तेचाळीस?” ते म्हणाले.

“नाही.”

“मग घडलं नाही. तुम्हाला मी सांगावं का हे?”

मी खिशातून कार्यवृत्ताची प्रत काढली. रिक्षात मी ती तीनदा वाचली होती आणि शेवटच्या ओळीशी तीनदा अडखळलो होतो. ‘११.४१. मा. सभापतींनी सर्व सदस्यांचे आभार मानले.’

“गणपूर्ती तुटली की सभा तहकूब होते,” मी म्हणालो. “तहकूब म्हणजे काम थांबलं, दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे. तहकुबीला कोणी आभार मानत नाही, यशवंतराव. आभार मानतात ते सत्र संपवताना. तुम्ही सभा तहकूब केलीच नाही. तुम्ही सत्रावसान केलंत.”

ते तळ्याकडे पाहत राहिले.

“आणि सत्र संपलं,” मी पुढे म्हणालो, “की पेटीतल्या सगळ्या सूचना आपोआप व्यपगत होतात. म्हणजे मेल्या. कोणी पुसायला नको, लाल नोंद व्हायला नको. त्या पोरीच्या बारा सूचना मारायच्या होत्या तुम्हाला. पुढच्या सभेत तिने त्या एकेक करून वाचल्या असत्या.”

“होत्या,” ते म्हणाले. “खेळ मांडला होता तिने. अच्युतराव, नियम नव्हते ते दिवस आठवतात? ज्याचा आवाज मोठा त्याचा कायदा. एका बाईला भर चर्चेत शिव्या घातल्या होत्या. एका माणसाला दहा जणांनी दहा सल्ले दिले, त्याने त्यातला सगळ्यात जोरात ओरडून दिलेला ऐकला आणि त्याची मुदत निघून गेली. नियम आले तेव्हा दुबळ्याला बोलायची पाळी मिळाली. हे खोटं आहे का?”

खोटं नव्हतं. तेच तर दुःख.

“सत्तेचाळीस वाचली होती?”

“मथळा वाचला. ‘तातडीचे. सही करू का?’ आधी बुडणारा माणूस, मग जळणारं घर, मग हे. म्हटलं, तेरावी.” ते माझ्याकडे वळले. “खरी होती?”

मी मान हलवली. त्यांनी सदऱ्याची इस्त्री हाताने सारखी केली. मग म्हणाले, “पुढच्या सभेत शोकप्रस्ताव आणू. मी मांडतो. तुम्ही अनुमोदन द्या.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “मला शोक नको, मजकूर हवाय. उद्या अकराच्या आत.”

“मजकूर कुठून आणू? नियम एकोणीस. व्यपगत सूचनेचा मजकूर जतन करू नये, दप्तर स्वच्छ राहावं. तो नियम तुम्ही लिहिलात, अच्युतराव. मी फक्त सही केली.”

मी उठलो. आपलेच दात, आपलेच ओठ.

“आणि एक ऐका,” ते मागून म्हणाले. “दहा बावन्नला खुर्चीवर मी नव्हतो. मला ठरावाविरुद्ध बोलायचं होतं. बोलायचं तर सभापतीने खुर्चीवरून उतरावं लागतं. त्या वेळी खुर्चीवर नीलेश होता. सूचना आली की आधी खुर्चीलाच दिसते.”

नीलेश उरल्याच्या मिलवाल्यांचे खटले चालवतो, हे सगळ्या रायपूरला माहीत आहे.

४

नीलेशला मी त्याच्या घराच्या फाटकाशीच गाठलं. तो गाडीतून उतरत होता, बगलेत फाइल.

“कोणत्या मिलकडून उभा राहतो आहेस उद्या?” मी विचारलं.

त्याने फाइल दुसऱ्या बगलेत घेतली. एवढं उत्तर मला पुरलं.

“म्हणजे तू वाचलास तो प्रश्न. तुझ्याच मिलचा आहे हे तुला कळलं. आणि तू गप्प बसलास.”

“काका, रविवारी मले मिलचं नाव-गाव काही माहीत नव्हतं. सूचनेत नव्हतंच ते. सोमवारी कंपनीचा फोन आला, मंगळवारी कागद हाती आले, तेव्हा समजलं. वकालतनाम्यावर सही झाली होती. आता माह्या तोंडाले कुलूप आहे.”

“रविवारी नव्हतं.”

“रविवारी उघडलं होतं तोंड.” तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहू लागला. त्यात राग नव्हता. मला वाटतं, कीव होती. “तुम्हाले खरंच आठवत नाही?”

“काय आठवायचं?”

“मी काय सांगू? तुम्हीच तर लिहून राहिले होते. मी माहं केलं, काका. बाकी आपल्या वहीले विचारा.”

फाटक लागलं. मी रस्त्यावर उभा राहून त्याला मनातल्या मनात चार शिव्या घातल्या. उद्धट पोट्टा, म्हाताऱ्याची थट्टा करतो. कुठली वही? कोपऱ्यापर्यंत त्याचं वाक्य डोक्यात घोळत राहिलं आणि मग मी एकदम थांबलो.

टंकलेल्या कार्यवृत्तात जे स्वीकारलं गेलं तेवढंच येतं. पण टंकण्याआधी मी सगळंच उतरवतो. चाळीस वर्षांची सवय आहे, पेन्सिल आपोआप चालते. प्रतिवेदकाचा हात ऐकतो, डोकं ऐकत नाही. वाक्याचा अर्थ लावायला थांबलं की पुढचं वाक्य सुटतं, म्हणून पहिल्या वर्षीच आम्ही अर्थ लावायचं सोडून देतो.

आणि भरलेली वही मी कुठे ठेवतो, ते तुम्हाला मी सुरुवातीलाच सांगितलं आहे.

५

काखेत कळसा नि गावाला वळसा. दिवेलागण झाली होती. गोदू अजून कूलरसमोरच बसली होती, मी दिलेला चहा तिच्यापुढे तसाच निवून गेलेला. मी गुडघ्यांवर बसलो आणि कूलरच्या पायाखालून वही ओढली. पाण्याने ती फुगली होती. शाईने लिहिलं असतं तर निळं डबकं झालं असतं. पेन्सिल पाण्याला दाद देत नाही.

पानं एकमेकांना चिकटलेली. एकेक सोडवत गेलो. रविवार, दहा वाजता. ठराव. अनुश्रीचं भाषण. यशवंतराव खुर्चीवरून उतरले. समासात वेळ लिहायची माझी रीत आहे. दहा पन्नास. दहा चौपन्न.

रेघा माझ्याच होत्या. वाचू लागलो तसतसे शब्द उभे राहिले:

‘उपसभापती: एक नवी सूचना आली आहे, सत्तेचाळीस. तातडीची दिसते, वाचतो. “माझ्या नवऱ्याचे दोन्ही तळहात जळालेले आहेत. कंपनीवाले म्हणतात हृदय बंद पडलं, पिऊन होता. तो पीत नव्हता. चार वाजता नेणार. शवविच्छेदन नको म्हणून सही—”

सचिव: महोदय, ठराव चर्चेला असताना नवी सूचना घेता येत नाही. नियम सात.

उपसभापती: ही वेगळी वाटते. नुसतं एक वाक्य उत्तर द्यायचं—

सचिव: नियम सात, महोदय.

उपसभापती: बरं.’

सचिव मी.

ज्याच्यावर मी संध्याकाळपासून संशय घेत होतो, तो एकटाच तिच्यासाठी दोनदा बोलला होता. बाकी आम्ही तिघांनी मिळून तो प्रश्न मारला. अनुश्रीने त्याला खोट्यांच्या रांगेत उभं केलं, यशवंतरावांनी रांगच्या रांग पुरली. पण त्याच्या आधी त्याचा गळा धरला होता मी, आणि दोनच मिनिटं लागली होती मला. त्याहून वाईट म्हणजे मला ते आठवतही नव्हतं. नियम सात मी त्या दिवशी चार वेळा म्हटला होता. दम टाकतो तसा म्हणतो मी तो.

“भेटला?” गोदूने विचारलं.

“भेटला,” मी म्हणालो. “अर्धा.”

तिला मी सगळं वाचून दाखवलं, माझं बोलणंसुद्धा. गाळावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं. पण तिचं वाक्य दाखवायचं तर त्याच्या खालचं माझं वाक्यही दाखवावं लागणार होतं, ती एकाच पानावर होती. ती ऐकत होती. मी थांबलो तेव्हा तिने पानावरून बोट फिरवलं, त्या रेघांवरून, जणू काही त्या रेघांत लहानू होता.

“हे मी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “माहेच शब्द हायेत. आता तं साहेब मानतील ना?”

“उद्या मी येतो सोबत,” मी म्हणालो. मला वाटलं होतं, मानतील.

६

खोलीत पंखा होता आणि भिंतीवर कॅलेंडर. चौकशी अधिकारी तरुण होते, दमलेले, वाईट नव्हते. टेबलाच्या एका बाजूला नीलेश आणि त्याच्याशेजारी मिलचा मॅनेजर. दुसऱ्या बाजूला गोदू आणि मी. मी पावती ठेवली, वही ठेवली, रात्रीतून केलेली साफ प्रत ठेवली.

अधिकाऱ्यांनी वही उलटसुलट करून पाहिली. “ये कौन पढ़ सकता है?”

“मैं.”

“और इसमें ये सचिव कौन है, जिसने रोका?”

“मैं ही, साहब.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नीलेशकडे. “वकील साहब, आपको कोई आपत्ति?”

नीलेश त्या पानाकडे पाहत होता. त्याला लघुलिपी येत नाही, पण त्या पानावर काय आहे ते आमच्या दोघांशिवाय त्यालाच माहीत होतं. पंखा फिरत होता. मला वाटलं, आता हा उठून सांगेल, हो साहेब, मी वाचलं होतं, मी साक्षी आहे. मॅनेजर खाकरला.

“आपत्ति है, सर,” नीलेश म्हणाला. त्याने मान वर केली नाही. “दस्तावेज़ सात दिन पहले देना था. नियम है.”

“हाँ, नियम तो है,” अधिकारी म्हणाले, आणि खरंच वाईट वाटल्यासारखं त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली. “देखिए बाबूजी, मैं समझता हूँ. पर इस स्टेज पर नहीं ले सकते.”

मी उभा राहिलो. मला म्हणायचं होतं, ही वेगळी आहे साहेब, नुसतं एक वाक्य आहे. तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. पुढे काय उत्तर येणार ते मला पाठ होतं.

पंधरा मिनिटांत आटोपलं. मृत्यू नैसर्गिक, मद्यप्राशनाची शक्यता, पत्नीची संमती. गोदूने सांगतील तिथे सही केली. पुन्हा एक सही.

बाहेर ऊन नुसतं भाजत होतं. कडुनिंबाखाली ती थांबली, पदराने तोंड पुसलं. रडत नव्हती. मीच डोळे पुसत होतो आणि ते तिला दिसू नये म्हणून चष्मा पुसतोय असं दाखवत होतो. माफ कर म्हणावं, तर कोणत्या तोंडाने? ती बीरगावची बस येते का ते पाहत होती.

“बाबूजी,” ती म्हणाली, “तुमच्या इथल्या लोकांनी मले उत्तर नाहीच देल्लं. मी एकोणीस दिवसांपासून मनात तेच घेऊन बसली हाव. आतातरी सांगा. मी सही कराची होती का नव्हती?”

अनुमोदन नव्हतं, गणपूर्ती नव्हती. एक शब्द लागत होता फक्त.

“नव्हती,” मी म्हणालो.

तिने मान हलवली, बस आली, ती चढून गेली.